कोबीच्या पुड्यांत सलगम

"कारकुनानं पुड्या चुकीच्या बांधल्या, येवढंच म्हन. म्होरचं मी सांबाळतो."

लायमनचा प्रचार बघणारा त्याचा दोस्त फ्लोरियन कामाच्या छपरीत पिंपावर बूड टेकून बोलत होता. दुपारी शाळेत पक्षाची सभा होती. वॉशिंग्टनच्या काँग्रेसात, म्हणजे देशाच्या संसदेत, पुन्हा लायमनलाच धाडायचं का, ते तिथं ठरायचं होतं.

"आनि त्यो कारकून हितं आला तर?" लायमन फळीवर रंधा मारत म्हणाला.

"वॉशिंग्टन सोडून ओहायोत मरायला येतोय व्हय त्यो?"

लायमनची बायको केझाया दारात वाटाणे सोलत होती. पिंपं बांधणारा तिचा नवरा दोन वर्षांमागं निवडून गेला, पण तिथं त्यानं एकदाही तोंड उघडलं नाही. केलं ते एवढंच, की सरकारी बियाणं फुकट टपालानं घरोघर पाठवलं. कोबीच्या चारशे पुड्या. इथल्या जर्मन घरांचा हिवाळा आंबवलेल्या कोबीवर निघतो. बायांनी हौसेनं वाफे केले, आणि उगवले सलगमचे कंद. सगळ्यांची कोबी आंबवायची पिंपं मोकळी राहिली, तीही लायमननंच बांधलेली.

"अवं, पर पुड्या बांधल्या कुनी?" केझायानं विचारलं. वर्षभर हा प्रश्न तिच्या पोटात होता.

रंधा थांबला.

"मीच. भाषन काय जमंना. म्हनलं, हातानं तरी कायतर करावं. बी दोनीचं सारकंच, मव्हरीगत."

"ह्ये गिळून टाक," फ्लोरियन म्हणाला. "वैनी, सांगा की ह्येला."

"मला बगायचंय, सभेत ह्ये काय म्हंत्यात ते," केझाया म्हणाली.

सभेच्या वेळी ती शाळेच्या खिडकीशी उभी राहिली. म्हाताऱ्या डीटमारनं आत पहिलाच सवाल टाकला, "पुड्या कुनी बांधल्या रं?"

फ्लोरियन खाकरला. लायमन उठला. टोपी हातात चुरगळली.

"मी," म्हणाला, आणि बसला.

तिकीट शेजारच्या गावच्या वकिलाला गेलं.

"दोन वर्सात येक भाषन," परतताना फ्लोरियन करवादला, "त्ये बी येका अक्षराचं."

सकाळी डीटमार दारात हजर.

"म्हातारीनं सलगम आंबवून बगितलं. बरं लागतंय. पर त्येला पिंप ल्हान पायजे. बांधशील?"

"किती ल्हान?"

डीटमारनं गुडघ्याच्या वर हात धरला. लायमननं दोरीनं माप घेतलं, फळी निवडली आणि रंध्याला लागला.