अकराची झोप

आज सकाळी अकराला दूध पिऊन अन्वी गादीवर झोपली. मांडीवर नाही, खांद्यावर नाही, नुसतं थोपटल्यावर. झोपेतही तिचे ओठ दूध प्यायल्यासारखे हलत होते.

आई गावी परत गेली त्याला तीन आठवडे झाले. जाताना म्हणाली होती, "आंघोळ, दूध, झोप. रोज त्याच क्रमाने कर, लागेल तिला सवय." मी तसंच करत राहिले. अन्वी रडून लाल व्हायची आणि मी तिला घेऊन दोन खोल्यांत फेऱ्या घालायची, तिच्याशी सतत बोलायची. नवरा दिवसभर कामावर, शहर नवं, शेजारी कोण राहतं तेही ठाऊक नाही.

आज ती झोपली आणि घर एकदम गप्प झालं. ज्या दोन तासांसाठी मी इतकी धडपडले, ते मिळाल्यावर त्यांचं काय करायचं तेच कळेना. बाळाला आपण एकटं झोपायला शिकवतो, पण एकटं जागं राहायला आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं.

मी आईला फोन लावला.

"झोपली?"

"झोपली. आपली आपण."

"मग तूही पड जरा."

"हो," म्हटलं, पण फोन ठेववेना. आईला ते समजलं असावं.

"मी गवार मोडतेय," ती म्हणाली. "राहू दे फोन चालू."

अन्वीशेजारी आडवी होऊन मी कितीतरी वेळ शेंगा मोडल्याचा आवाज ऐकत राहिले.