नाथाजी नाईकाच्या लाटा

रविवार, १ डिसेंबर १९४६. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. आष्ट्यापासून दोन कोसांवरच्या एका वाडीत, गावतळ्याच्या गुडघाभर गार पाण्यात उभा राहून नाथाजी सायकलच्या चेनला खोबरेल लावत होता. खोबरेल बायकोच्या बाटलीतलं होतं.

नाथाजी सहा वर्षं फौजेत होता. लॉऱ्यांची इंजिनं दुरुस्त करायचा. नाईक होऊन परतला. इटलीहून येताना मुंबई बंदराबाहेर त्याला समुद्रात तरंगणारं एक लोखंडी पिंप दिसलं. लाटेबरोबर पिंप वरखाली व्हायचं आणि आतली हवा शिट्टीतून बाहेर पडायची. खडकाची खूण म्हणून ठेवलेलं ते पिंप माणसाशिवाय, कोळशाशिवाय, रात्रंदिवस वाजत होतं. जहाजावरच्या शेकडो जवानांनी ते पाहिलं आणि पुन्हा पत्ते पिसायला घेतले. नाथाजीने ठरवलं, लाटेवर शिट्टी वाजते तर दिवाही लागेल.

इथवर त्याचं काही चुकलं नव्हतं. फक्त वाडीपासून समुद्र सरळ रेषेत सत्तरएक मैल होता आणि मध्ये सह्याद्री होता. म्हणून प्रयोग गावतळ्यावर. रॉकेलचे दोन डबे कथलाचा डाक देऊन बंद केले आणि बांबूच्या टोकाला बांधून पाण्यावर सोडले. डबे वरखाली झाले की चेन ओढली जाई, सायकलचं मागचं चाक फिरे, चाकाला टेकलेला डायनामो फिरे आणि सायकलचा दिवा लागे.

दिवा खरंच लागायचा. नाथाजीच्या वहीत तीन महिन्यांच्या नोंदी होत्या: ‘दहा पन्नास ते सव्वाअकरा, लाटा उत्तम. कारण, ऊन तापल्यावर सुटणारा वारा.’ कारणाखाली दोन रेघा मारल्या होत्या.

कारण वारा नव्हता. त्या वेळेला पलीकडच्या काठाने वाडीच्या चाळीस म्हशी तळ्यात उतरायच्या. त्या नाथाजीला दिसत नव्हत्या असं नाही. पण जन्मापासून रोज पाहिलेली गोष्ट वहीत कोण लिहितो? वाडीला सगळं ठाऊक होतं. तीन महिने कुणी ब्र काढला नाही. वाडीत दुसरी करमणूक नव्हती.

सांगलीला जिनपालांची शेंगतेलाची गिरणी होती आणि त्यांचा इंजिनवाला सोडून गेला होता. जागा नाथाजीसाठी राखून ठेवली होती, गिरणीमागच्या दोन खोल्यांसकट. मनुबाईने, म्हणजे नाथाजीच्या बायकोने, त्या खोल्या आणि दारातला नळ पाहून घेतला होता. नाथाजीला मात्र रत्नागिरीच्या किनाऱ्यावर जाऊन मोठं यंत्र बसवायचं होतं. त्याने जिनपालांनाच निरोप धाडला, तेल कशाला जाळता, येऊन बघा. शेवटी त्याच्या बापाने, आकारामने, निवाडा ठरवला: आपली एक बिडी संपेपर्यंत दिवा जळला तर पोरगा रत्नागिरीला जाईल, नाही जळला तर सोमवारी गिरणीवर. वेळ नाथाजीने वहीत बघून दिली. रविवारी अकरा.

अकराला जिनपाल आष्ट्याहून बैलगाडीने आले. सगळी वाडी काठावर बसली होती. आकारामने बिडी शिलगावली. दिवा लागला नाही.

“दम धरा,” नाथाजी म्हणाला. “वारा सुटतोय.”

वारा सुटला. जिनपालांची टोपी उडाली. पाणी शहारलं, डबे बोटभर हलले, चाक जागेवरच.

“बिडी हळू वडा म्हातारबा,” गर्दीतून कुणी ओरडलं, “दर्या आजून आंबा घाटात हाय!”

बिडी अर्धी झाली तेव्हा नाथाजीने सदरा काढून फेकला आणि तळ्यात उडी घेतली. कमरेइतक्या पाण्यात तो उठाबशा काढू लागला. लाटा उठल्या, चेन ओढली गेली आणि दिवा लागला. पिवळट, पण लागला. तो दम घ्यायला थांबला की विझायचा.

“दिसला का?” नाथाजी ओरडला. त्याचे दात वाजत होते.

“दिसला की,” जिनपाल म्हणाले. “पर नाईक, माझ्या इंजिनाला नुसतं तेल लागतंय. तुमाला भाकरी, कालवण, आन् वर सुकं धोतर.”

आकारामने थोटूक विझवलं आणि तीन महिने कुणी न बोललेलं बोलून टाकलं. “आरं, पर म्हशी कुटं हायत आज?”

नाथाजीने पलीकडे पाहिलं. तिथे एकही म्हैस नव्हती. मग त्याने दगडावर ठेवलेल्या वहीकडे पाहिलं.

“वड्याच्या पाण्याला धाडल्यात,” मनुबाई म्हणाली.

“समद्या?”

“समद्या. दारोदार सांगून आले मी.”

“तुला ठावं हुतं?”

“आवं, शेण कोन काढतंय त्येंचं? म्हशी कवा कुटं जात्यात ते मला न्हाई, तर काय तुमच्या वहीला कळणार?”

पहिला हसला तो बाप. मग हसायला कुणाची आडकाठी उरली नाही. नाथाजी पाण्यातूनच भांडला. “लाट ती लाट! म्हशीची आसली म्हणून काय झालं?”

“मान्य,” जिनपाल म्हणाले. “पर म्हशीला पेंड लागती. आन् पेंड माझ्याच गिरणीतनं येती.”

समुद्रावर हे यंत्र चाललं असतं का, हे कुणी विचारलं नाही. उत्तर देण्याइतका समुद्र पाहिलेला माणूस वाडीत एकच होता आणि तो धोतर पिळत होता.

दुपारी यंत्र मोडलं. रॉकेलचे डबे मनुबाईने कापून घेतले, ज्वारी भरायला. संध्याकाळी फौजेतली ट्रंक भरून झाली. वही कुठे ठेवायची यावर थोडी बोलाचाली झाली. वही ट्रंकेत गेली, तळाशी.

आष्ट्याहून सांगलीची पहिली सर्व्हिस मोटर, सोमवारी दोघांना गाठायची ती, सकाळी पावणेसातला सुटते. लढाईत पेट्रोलची टंचाई झाली तेव्हापासून ती कोळशाच्या गॅसवर चालते. चढाला गॅसचा जोर पुरत नाही, मग बायका आत बसून राहतात आणि पुरुष उतारू खाली उतरून ती ढकलतात.