मिटलेले डोळे, उघडा डबा

उल्हासनगरला आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये ती रोज शेजारच्या टेबलावर बसायची. गळ्यात बारीक क्रॉस. नाव मी कधी विचारलं नाही. तेव्हा मोबाइल मोजक्यांकडेच होते, त्यामुळे जेवताना सगळ्यांचं लक्ष एकमेकांच्या डब्यात. डबा उघडून ती डोळे मिटून प्रार्थना करायची आणि तेवढ्यात मैत्रिणी निम्मा डबा फस्त करायच्या.

एकदा त्यांतलीच एक म्हणाली, "अगं, आधी खाऊन घे, प्रेयर नंतर कर ना. रोज अर्धपोटी राहतेस."

"सगळ्यांना पुरू दे, हेच तर मागते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने डोळे मिटले, तेव्हा कुणाचाच हात पुढे गेला नाही. डोळे उघडल्यावर भरलेला डबा बघून तिचा चेहरा उतरला.

"काय झालं? रागावलात का माझ्यावर?"