ट्यूब पाण्यात धरली तेव्हा

तो ओझरच्या कारखान्यात फिटर होता. आमच्या चळवळीतल्या मंडळाच्या सायकल सहलीत तो कायम सगळ्यांच्या मागे असायचा. कुणाची चेन कुरकुरली की म्हणायचा, "तेल मागते बिचारी." मला तो जरा भाबडाच वाटे.

सहलीचं सायक्लोस्टाइल पत्रक मी लिहायचो. त्या हिवाळ्यात मी त्यात नियम घातला होता: चळवळ कुणासाठी थांबत नाही, मागे पडेल त्याने घरी परतावं.

गंगापूर धरणाच्या काठाने जाताना माझ्याच पोटरीत गोळा आला. बाकीचे पुढे गेले, पलीकडे नेणारी होडी सुटायला आली. मी दात आवळून पायडल मारत होतो. एवढ्यात तो मागून ओरडला, "थांबा रे, माझी हवा गेली. होडी थांबवा."

सगळे थांबले. काठावर पोचताच मी त्याला सुनावलं, "निघण्याआधी सायकल तपासायची असते."

"चुकलंच, पत्रकवाले."

पंक्चर शोधायला मी त्याची ट्यूब काढली, हवा भरून पाण्यात धरली, पूर्ण फिरवली. एकही बुडबुडा आला नाही. मी त्याच्याकडे बघितलं.

"पाणी लय गढूळ हाय," तो म्हणाला. "दिसायचं नाय तुम्हाला."

पाण्याच्या तळाचे गोटे स्वच्छ दिसत होते.

होडीत बसल्यावर मी खिशातलं पत्रक काढून तो नियम खोडला आणि सगळ्यांदेखत म्हणालो, "माझा पाय दुखतोय."

"मग बसा की निवांत," तो म्हणाला. "होडीला कुठं पायडल हायेत?"