वारज्याहून कसब्याला, नव्या पुलावरून

सोमवारी सकाळी शांताने, म्हणजे माझ्या बायकोने, पिशवीत पाण्याची बाटली, माझ्या गोळ्या आणि टोपी भरली आणि आपण प्रवासाला निघालोय असं जाहीर केलं. कुठे, विचारलं तर म्हणाली, कसबा पेठेत. वारज्याहून कसब्याला जाणं म्हणजे प्रवास नव्हे, हे मी सांगून पाहिलं. पण आदल्या दिवशीच्या उपासनेत माझं तोंड मला नडलं होतं. ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला रोजचा दिवस नवा मिळतो, असं पाळकसाहेब म्हणाले, तेव्हा मी पुटपुटलो होतो, "वारज्यात नाही मिळत." शांताचे कान तिखट.

खरं तर बायपास झाल्यापासून घर, दवाखाना आणि चर्च सोडून मी कुठे गेलोच नव्हतो. डॉक्टर चाला म्हणत. मी खुर्चीत बसून छातीतली धडधड ऐकत असे. बंद पडायची झाली तर निदान आपल्याला आधी कळावं, एवढाच हेतू.

मनपाच्या (महानगरपालिकेच्या) थांब्यावर बसमधून उतरलो आणि मुठेवरचा पूल चालत ओलांडला. आमच्या आजोबांच्या काळातला हा पूल, पण जुने पुणेकर त्याला अजून 'नवा पूल' म्हणतात. शांता म्हणाली, "बघा, पहिली नवी गोष्ट मिळाली." मी दम जपून वापरत होतो.

कसब्यात तांबट आळी (तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांची गल्ली) लागली. दोन्ही बाजूंनी हातोड्यांचा ठणठणाट चालला होता. एका दुकानासमोर मी घंगाळाकडे (आंघोळीच्या पाण्याचं मोठं भांडं) बघत उभा राहिलो. आत ठोकत बसलेल्या तांबटाने मान वर न करता विचारलं, "बाहेरगावचे का?"

मी वारज्याचा म्हणालो.

"तेच ते," तो म्हणाला. "जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय."

बाजूला झालो आणि लक्षात आलं की त्या गलक्यात मला माझी छाती ऐकूच येत नव्हती. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. मी चांगलाच हसलो. हे शांताला सांगावं म्हणून वळलो, तर ती नव्हती.

फोन लावला, ती उचलेना. आता मात्र घाबरलो. गोळ्या तिच्या पिशवीत होत्या, पण खरं सांगतो, गोळ्या आठवल्याच नाहीत. 'प्रभू, तिला काही होऊ देऊ नकोस,' एवढंच म्हणत गल्लीच्या टोकापर्यंत भराभर गेलो. तिथे एका खानावळीच्या माडीवरच्या खिडकीतून ती हात हलवत होती. लाकडी, उभा जिना होता. दोर धरून चढलो, वर पोहोचलो आणि रागावण्यासाठी श्वास गोळा करू लागलो.

"बसा," ती म्हणाली. "मुद्दामच पुढे आले. डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं मी. जिना चालेल म्हणाले."

"आणि मी पडलो असतो तर?"

"खिडकीतून सगळा वेळ बघत होते हो." तिचे डोळे भरले होते. मी वर येईपर्यंत तीही प्रार्थनाच करत होती, हे मला तेव्हा कळलं.

ताटं आली. आम्ही डोळे मिटून आभार मानले. माझं जरा लांबलं. वाढपी शेजारी उभा होता. "देवाचं झालं असेल तर आमटी वाढू?" त्याने विचारलं. आमटी तिखट होती, भाकरी गरम. मी दोनदा मागून घेतली.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसलो. रस्ते तेच होते, दुकानं तीच. देवाने मला आयुष्य परत दिलं होतं आणि मी ते कव्हरसकट कपाटात ठेवून दिलं होतं, असं वाटत राहिलं. घरी आल्यावर मीच विचारलं, उद्या कुठे?

"विश्रांतवाडीला. माझ्या बहिणीकडे."

त्याला प्रवास म्हणत नाहीत, परीक्षा म्हणतात, असं मी तिला ऐकवलं. पण सकाळी बूट मीच आधी घातले.