गडग्याजवळचा आंबा

मसुऱ्यात जासिंतचं धड पटलं असं एकच माणूस, त्याची बायको वेरोनिका. ती गेल्यापासून तर त्याच्या तोंडाला लागणं म्हणजे गांधीलमाश्यांच्या पोळ्यात हात घालणं. पाववाल्याशी भांडण, फादरशी भांडण, आणि शेजारच्या सत्यवानाशी तर जन्माचं वैर. दोघांच्या बागांमध्ये दगडांचा गडगा, त्याला लागून वेरोनिकाने लावलेला आंबा, आणि त्याच्या निम्म्या फांद्या सत्यवानाच्या अंगणावर. भांडायला तेवढं पुरे होतं की!

यंदा ड्रोनने फोटो काढून गावातली झाडं मोजायची आणि ज्याची त्याच्या नावावर लावायची ठरली. फोटोतून एकेक झाड वेगळं काढायचं काम कुडाळच्या एका कंपनीकडे होतं आणि ते करणारी होती जासिंतची पुतणी मेल्विना.

"आंबो माझ्या नावार येवक व्हयो," म्हाताऱ्याने तिला फोनवरच दम भरला.

"अंकल, कॉम्प्युटर फोटो हळूहळू धूसर करीत नेता. चष्मो काढल्यार तुमका दिसता तसो. बारीक वस्तू पुसान जातत, मोठ्यो रवतत. चिकटलेली झाडां मात्र एकमेकांत मिसाळतत."

जासिंतच्या डोक्यात शेवटचंच वाक्य शिरलं. मिसळतात? म्हणजे वेरोनिकाचा आंबा सत्यवानाच्या बागेत गडप? त्याने कोयता उचलला. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायला लोक रानातल्या ऐन-किंजळीच्या झाडांच्या फांद्या तोडतात, आंब्याला कोणी हात लावत नाही. या बहाद्दराने सत्यवानाकडची एकूण एक फांदी उतरवली. मग झाड कलंडेल म्हणून आपल्याकडच्याही. वर उरला झाडूएवढा शेंडा.

"आता कसो मिसाळता तो बघतंय!" तो गडग्यापलीकडे ओरडला.

ड्रोन येऊन गेला. काही दिवसांनी जासिंत कुडाळला जाऊन मेल्विनाच्या खुर्चीमागे उभा राहिला. पडद्यावरचा फोटो धूसर होत गेला. गवत पुसलं, गडगा पुसला. सत्यवानाच्या बागेतले काजू गोल गोल ठिपके होऊन टिकून राहिले. आंब्याचा शेंडा केव्हाच विरघळला होता.

"खंय गेलो?"

"लहान रवलो ना, अंकल. गवताबरोबर गेलो."

"परत आण!" त्याने टेबलावर मूठ आपटली.

"तितक्या बारकायेन बघलां तर गावातलां दर एक झुडूप झाड म्हणान येतलां. सगळ्या गावाक एकच माप लावचा लागता."

"आग लागो तुझ्या मापाक!"

"तोडलास तुमी, आणि वरडतास माझ्यार?" मेल्विनाही भडकली.

तो तणतणत घरी आला तर सत्यवान गडग्यापाशी उभा.

"भरलां पोट? गेल्या साली माझो भाऊस कोयतो घेवन आयलेलो, फांद्यो तोडूक. मी तेका हात लावक देवक नाय. तुझ्यासाठी नाय रे भिकारड्या, वेरोनिकाबायन लावलेलो म्हणान!" तो पचकन थुंकला आणि घरात निघून गेला.

भर उन्हात जासिंत त्या बोडक्या खोडाला टेकला आणि ढसाढसा रडला. त्याआधी, सत्यवान बघत तर नाही ना, एवढं मात्र त्याने गडग्यावरून डोकावून पाहून घेतलं.