खाच पाडलेली कामटी

त्या सकाळी आम्ही दोघं पडवीत सुंठ कुटत होतो. म्हणजे कुटत मी होतो आणि हौसा चुका काढत होती. मुसळ जरा हळू घाल, सुंठ हाय ती, तुझी दुश्मन न्हाय, असं दोनदा म्हणाली. धाकटी लेक तारा पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली. नातू झालेला, बारसं अजून व्हायचं होतं. आतल्या खोलीतून ओव्याची धुरी पडवीपर्यंत येत होती. कुटून झालं तशी हौसा म्हणाली, तू चाळून ठेव, मी जरा पडते, छातीत घास अडकल्यागत होतंय. मी चाळलं. डबा भरला. हाक मारली... ती उठली नाही.

महिना होऊन गेला त्याला. मला एका जागी बसवत नाही. बंदरावर जातो, तिथं जाळं हातात घेतो, खाली टाकतो, परत घरी येतो. रेवदंड्याचा सगळा कोळीवाडा सांगतो, दादूस, निवांत बस. कुठं बसू? जावई म्हणाला, लिहून काढा. शाळा चौथीत सुटली, तरी लिहितो.

ही तारा झाली ते वर्ष देश इंग्रजांच्या हातून सुटला त्याचं. पावसाळ्याचे दिवस, होड्या शाकारून किनाऱ्यावर चढवलेल्या, माझी आई आधीच गेलेली, हौसाला माहेर नाही. तेव्हा बाळंतीण ती आणि तिचं करणारा मी. बाहेर पोरं झेंडे घेऊन फिरत होती आणि मी शेगडी फुंकत होतो. चौलच्या वाटेवर एक वैद्यबुवा राहायचे. त्यांनी देवदार, सुंठ, पिंपळी, दशमुळं असं सगळं बांधून दिलं. म्हणाले, मंद आचेवर आटवा, चौथा हिस्सा उरला की गाळून द्या, वाताला चांगलं. आता जन्मात मी आटवलेली वस्तू एकच, होडीला लावायची राळ. ती बोटाला तार धरेपर्यंत शिजवायची. तीच रीत मी काढ्याला लावली. काळा, चिकट गोळा वाटीत घालून तिच्यापुढं धरला. तिने जिभेला लावला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"होडीला लाव," म्हणाली. "तळाला पाणी शिरायचं न्हाय."

मग बाजेवर पडल्या पडल्याच तिने मला बांबूची कामटी तासायला लावली. टोपात पाणी घालून कामटी उभी धरायला लावली, पाणी कुठवर येतं ते बघितलं आणि खाली चौथ्या हिश्शावर कोयतीने खाच पाडून घेतली. "ह्या खाचेला पाणी उतरलं की टोप खाली. तुझं डोकं चालवू नको." पुढं ती कामटी वाड्यातल्या घराघरांत फिरली. जिथं बाळंतीण तिथं कामटी, आणि कामटीच्या मागून हौसा. तेल कोमट करून अंग चोळायची, जुन्या लुगड्याचा पट्टा पोटाला बांधायची, लसूण-तुपाचा मऊ भात, हळिवाची पेज. वैद्यबुवांनी मासळी बंद सांगितली, तर तिने त्यांच्या ओट्यावर उभं राहून विचारलं, कोळणीला मासळीबिगर दूध येईल कुठून? ते हसले. बिनतिखटाची मुडदुशी चालेल म्हणाले. हौसाने सगळ्या वाड्यात तेवढंच सांगितलं, बाकीचं पथ्य आपल्या पोटात ठेवलं.

ती गेली त्या दिवशी तारेला खोलीबाहेर येऊ देईनात. ओली बाळंतीण, वारं लागेल. मी म्हटलं, आई एकदाच मरते, उंबऱ्यापर्यंत तरी आणा तिला. आणली. तिने उंबऱ्यातून बघितलं, आणि परत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. उशाशी ठेवलेला भात तसाच राहिला. पेज तशीच राहिली. पोर छातीला लावलं तर दूध येईना, ते रडून रडून लाल. आणि सुतक म्हणून बायांनी शेगडीही विझवलेली.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी शेगडी बाहेर काढली आणि कोळसे घातले. शेजारची जनाकाकी कुडावरून बघत होती.

"सुतकात इस्तव पेटवतोस, दादूस? लोक काय म्हणतील?"

"सुतक मला हाय, काकी. त्या पोराच्या भुकेला न्हाय."

 ती घरात गेली आणि तिच्या चुलीतला निखारा पळीत घेऊन आली. तो माझ्या कोळशांवर ठेवला.

कामटी खिडकीत होती तिथंच होती, काढ्याने काळी पडलेली. टोपात पाणी घेऊन ती उभी केली. डब्यातली सुंठ घातली, कालचीच, आम्ही कुटलेली. तिथून हललो नाही. महिनाभरात एका जागी बसलो असेन तर तेवढाच. पाणी खाचेला आलं, टोप खाली घेतला, गाळला, आत नेला. तारेने तोंड वळवलं. डोळे सुजलेले. वाटीत वाकून बघितलं.

"बाबा," म्हणाली, "होडीची राळ तर न्हाय ना केलीस?"

आईचं बोलणं लहानपणापासून ऐकलेलं तिने. मी म्हटलं, खाचेवर उतरवलाय, पी. तिने नाक मुरडलं आणि प्याली. मी कामटी धुतली, पुसली आणि खिडकीत ठेवली.